उलट्या दाराची पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी मोटारीचं १:२४ स्केलमधलं, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं, जोडायचं मॉडेल रेझिनमध्ये (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) ओतून देतो, बाराच किट आहेत, बुकिंगचे चार हजार पाठवा, असं सांगणारा कुणी तुमच्याशी बोलत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माणूस गोड मराठी बोलतो, वाक्यागणिक 'दादा' म्हणतो आणि त्याला या छंदातलं खरंच कळतं. आमच्या चौघांचे २८,३५० रुपये गेले आणि आणखी साडेसहा हजार अडकून पडलेत. बाकीचे तिघं माझ्या शब्दावर यात पडले. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलंय.

मी जळगावला एमआयडीसीत एका टूलरूममध्ये आहे. प्लास्टिकच्या मालाचे साचे करणं हे पोटापाण्याचं काम. रात्री जेवणं आटोपली की जुन्या मोटारींची मॉडेल्स करतो, त्याला आता अकरा वर्षं झाली. सुरुवात टामिया या जपानी कंपनीच्या १९६६ च्या फोक्सवॅगन बीटलच्या किटपासून केली. खऱ्या बीटलच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर (व्हीलबेस) २४०० मिलिमीटर, म्हणजे १:२४ मध्ये बरोबर १००. चॅसी (खालचा सांगाडा) जोडून व्हर्नियर, आमचं बारीक मोजमापाचं हत्यार, लावला आणि काटा शंभराला टेकला, तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो. तेव्हापासून किट उघडलं की आधी मोजायचं, मग कानस हातात घ्यायची, अशी सवयच लागली.

खानदेशात हे काम करणं सोपं नाही. मे महिन्यात जळगावात स्प्रे मारायचा तर पहाटे पाचला उठून गच्चीवर जावं लागतं. ऊन वर आलं की रंग बॉडीपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभागाला पॉलिश पेपरसारखी खरखर येते. पावसाळ्यात उलट, लॅकर दुधाळ होतो. सामान इथे मिळत नाही, सगळं पोस्टाने मागवायचं. छंद करणारी माणसंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भुसावळचे रेल्वेतले काका, धुळ्याचे चित्रकलेचे सर, नंदुरबारचा कॉलेजात शिकणारा एक मुलगा आणि मी. हिवाळ्यात एकदा सगळे माझ्या घरी येतात. बायको वांगी भाजते, कळण्याच्या पुऱ्या तळते आणि आम्ही चौघं ओट्यावर मॉडेल्स मांडून अंधार पडेपर्यंत बोलत बसतो. मोठ्या शहरातल्या लोकांना कदाचित कळणार नाही, पण आपल्यासारखाच वेडा माणूस भेटणं ही आमच्याकडे फार दुर्मिळ गोष्ट आहे. त्या माणसाने नेमकं तेच हेरलं.

आता पद्मिनीचं सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, चोपड्याला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांची १९७६ ची पद्मिनी होती. त्याआधी दोन वर्षं, १९७४ मध्ये, तिला पद्मिनी हे नाव मिळालं. तोवर ती प्रेसिडेंट होती, आणि त्याहीआधी फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली १०८९ सीसीची गाडी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. रात्री-अपरात्री अडावद, लासूर, सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे, जिथे बोलावणं येईल तिथे नाना डॉक्टरांना घेऊन जायचे. बाळंतपणं अडलेली, साप चावलेले, सगळं त्या गाडीने पाहिलं. खंडेनवमीला नाना ती स्वतःच्या हाताने धुवायचे, बॉनेटवर झेंडूचा हार चढवायचे, आणि आम्हा पोरांना मागच्या सीटवर बसवून गावातून एक फेरी मारायचे. वर्षातून तेवढीच एक फेरी आमच्या वाट्याची. पुढे डॉक्टर गेले, गाडी विकली गेली, कुठल्या भंगारात गेली कुणाला ठाऊक नाही. घरात तिचा एक फोटो आहे, त्यात डॉक्टरांचं कुटुंब उभं आणि मागे अर्धं बॉनेट.

नानांना यंदा पंच्याहत्तर पूर्ण झाली. दसऱ्याला त्यांच्या हातात ती गाडी ठेवायची, हे मी दोन वर्षांपूर्वीच मनाशी ठरवलं होतं. पण पद्मिनीचं किट मला कुठे सापडेना. सगळंच शीट प्लास्टिक कापून घडवायचं म्हणजे दोन-तीन वर्षांचं काम, आणि नानांची नजर तर दिवसेंदिवस मंदावत चाललेली.

जानेवारीत त्या माणसाशी ओळख झाली. पहिला व्यवहार छोटा, जुन्या डिकल्सचे (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील अक्षर-चित्रांचे) दोन शीट, ३५० रुपये. चौथ्या दिवशी पार्सल दारात. शीट्सच्या मागे जाड पुठ्ठा लावलेला, वर बटर पेपर, आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी: 'दादा, कडा पिवळ्या पडल्यात, चार दिवस खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवा, पांढऱ्या होतील. पाण्यात टाकायच्या आधी वरून क्लिअरचा एक हात मारा, नाहीतर तुकडे होतील.' दोन्ही सल्ले अगदी बरोबर होते. असं लिहिणाऱ्या माणसावर विश्वास न ठेवायला मला कारण दिसलं नाही. आज वाटतं, त्या साडेतीनशे रुपयांत त्याने माझा विश्वासच विकत घेतला.

मग बोलणं वाढलं. नानांची गोष्ट मीच त्याला सांगितली. गाडीचं साल, रंग, डॉक्टर, खंडेनवमीचा हार, सगळं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा. आठवड्याने म्हणाला, "दादा, योगायोग बघा, मी पद्मिनीचाच मास्टर करतोय." मास्टर म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो मूळ नमुना. आणि फोटो आला. निळी कटिंग मॅट, तिच्यावर राखाडी प्रायमरमधली बॉडी, बाजूला पोलादी पट्टी. मॅटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजी वाय अक्षरासारखी एक चीर होती. तेव्हा नुसती नजरेखालून गेली, पण ती चीर लक्षात ठेवा. समोर जाळीच्या जागी मोकळं होतं. जाळी फोटोएचची, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्यातून, वेगळी येणार, म्हणाला. दुसऱ्या फोटोत आतलं स्टिअरिंग डावीकडे होतं. तेही विचारलं. उत्तर तयार होतं: "मूळ बॉडी इटालियन फियाटवरून घेतलीय दादा, आपला उजव्या हाताचा डॅशबोर्ड वेगळा ओतून देणार." यात खोटं वाटावं असं काही नव्हतं. छंदातली माणसं असंच करतात.

किंमत साडेआठ हजार, बुकिंग चार. मी त्याच रात्री पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं, एका बाईचं. "वहिनीचं खातं आहे, माझं लिमिट संपलंय." मी मान्य केलं. आणि दुसऱ्या दिवशी बाकी तिघांना फोन केले. हे मी आनंदाने केलं, त्याने सांगितलं म्हणून नाही. बाराच किट आहेत, आपल्या माणसांचं राहून जायला नको, एवढंच डोक्यात होतं. नंदुरबारच्या पोराने विचारलं, "काका, तुम्ही ओळखता ना त्यांना?" मी म्हणालो, "अरे, मी माल घेतलाय त्याच्याकडून." पोरगा संध्याकाळी मोबाईलच्या दुकानात काम करून शिकतोय. त्याने तीन हप्त्यांत चार हजार जमवले.

पुढचे महिने सगळ्यांना माहीत असतात तसेच गेले. सिलिकॉनला बुडबुडे आले, साचा फाटला, आई दवाखान्यात आहे. जूनमध्ये फोटोएचच्या पत्र्याचे म्हणून प्रत्येकी अडीच हजार आणखी मागितले, यावेळी तिसऱ्याच नावाचं खातं. भुसावळचे काका कुरकुरले. मी त्यांची समजूत काढली. साचे मीही करतो, साचा पहिल्या झटक्यात जमत नाही, असं मी त्यांना सांगितलं. माझ्याच धंद्यातलं ज्ञान मी त्याच्या बाजूने वापरलं.

सप्टेंबरात त्याने कळवलं की सगळ्यात आधी तुमचं पाठवतोय, उरलेले दोन हजार आणि पोस्टाचे ३५० टाका. टाकले. पार्सल आलं दसऱ्याच्या पाच दिवस आधी. उघडतानाच वास आला, कच्च्या रेझिनचा गोडसर वास, नीट न पिकलेल्या मालाचा. बॉडी होती. पण टपाच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, मोजली तर एका बाजूला एकोणीस. दारांच्या फटी अर्ध्या बुजलेल्या, बोट फिरवलं तरी लागत नव्हत्या. फोटोएच नव्हतं. डॅशबोर्ड नव्हता. चाकं खेळण्यातली. आणि नंबर प्लेटचे डिकल्स म्हणून साध्या प्रिंटरवर काढलेला कागद.

तेव्हा व्हर्नियर हातात घेतला. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर, १:२४ मध्ये ९७.५ यायला हवा. आला ९६.२. टूलरूममध्ये काम करणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ओतलेला माल आकसतो. कुणीतरी केलेल्या चांगल्या किटवर सिलिकॉन ओतून त्याचा साचा काढायचा, त्यातून माल ओतायचा, मग त्या मालावरून पुन्हा साचा. दर पिढीला वस्तू किंचित लहान होत जाते, रेषा बोथट होत जातात. ही चोरीची नक्कल होती, आणि तीही पहिल्या हाताची नाही.

मनाची समजूत घातली. चार रात्री जागून भोकं बुजवली, पाण्याखाली घासलं. रेझिनची भुकटी छातीत जाते, म्हणून तोंडाला मास्क आणि पेपर ओला ठेवूनच. जाळी तारेची केली. रंग नानांच्या गाडीचा, फिकट मलईसारखा. फटी मी नव्याने कोरल्याच नाहीत, तेवढा वेळच नव्हता. खंडेनवमीला सकाळी हत्यारांच्या पूजेशेजारी ती पाटावर ठेवली, झेंडूच्या पाकळ्या दोऱ्यात ओवून बॉनेटवर इवलासा हार घातला, आणि नानांना बोलावलं.

नानांनी ती दोन्ही हातांत उचलली. नजर कमी झाल्यामुळे ते आता वस्तू बोटांनी बघतात. टपावरून बोट फिरलं, मागच्या पंखांवरून फिरलं, चेहरा हलला. मग बोट पुढच्या दारावर आलं आणि थांबलं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. म्हणाले, "भाऊ, हाई दार उलटं से. हॅन्डल आठे नव्हतं."

मी बघितलं. दाराचं हॅन्डल दाराच्या पुढच्या काठाला होतं, चाकाच्या बाजूला. पद्मिनीचं हॅन्डल मागच्या काठाला, मधल्या खांबाजवळ असतं. डॉक्टर पुढे डावीकडे बसायचे, आणि पाड्यावर पोचलं की नाना फिरून जाऊन बाहेरून त्यांचं दार उघडायचे. इतकी वर्षं ते हॅन्डल त्यांच्या हाताखाली होतं.

१९५३ मध्ये इटलीत आलेल्या फियाट ११००/१०३ ची पुढची दारं सुरुवातीची काही वर्षं उलट्या बाजूने उघडायची, बिजागऱ्या मधल्या खांबावर. पुढे ११०० डी मध्ये दारं सरळ झालेली होती, आणि आपली पद्मिनी त्या ११०० डी वरून आली. म्हणजे ज्याला तो पद्मिनीचा मास्टर म्हणत होता ती पद्मिनी नव्हतीच. कुण्या परदेशी माणसाने कष्टाने केलेली पन्नासच्या दशकातली फियाट होती ती. त्या रात्री मी त्याचे जुने फोटो इमेज सर्चमध्ये टाकले. डाव्या स्टिअरिंगचा फोटो दुसऱ्याच्या पानावर सापडला, काही वर्षांपूर्वीचा. आणि त्याने पाठवलेल्या पहिल्याच फोटोत ते हॅन्डल पुढे होतं, स्वच्छ दिसत होतं. मी तो फोटो शंभर वेळा बघितला असेन. नानांना चकित करायचं म्हणून त्यांना तेवढा दाखवला नव्हता.

बाकी तिघांचं काहीच आलं नाही. त्याने त्यांना ट्रॅकिंग नंबर म्हणून आठ-आठ आकडे पाठवले. स्पीड पोस्टचा नंबर तेरा अक्षरांचा असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. हे माहीत असतं तर तिथेच कळलं असतं. मला एकट्याला पार्सल का पाठवलं हेही उघड आहे. मी इतरांना धीर देत होतो, मला गप्प ठेवलं की चौघं गप्प.

धुळ्याचे सर सगळ्यांत सरळ माणूस. त्यांनी त्याला फोन करून फक्त पैसे परत मागितले. तो लगेच कबूल झाला, माफीही मागितली, आणि एक क्यूआर कोड पाठवला: "सर, हा स्कॅन करा, तुमचे साडेसहा हजार जमा होतील." सरांनी स्कॅन केला, पिन टाकला, आणि आणखी साडेसहा हजार गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे निघाले. सरांच्या मुलीने अर्ध्या तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, म्हणून ती रक्कम समोरच्या खात्यात रोखली गेली. अजून हातात आलेली नाही. आमच्या आधीच्या पैशांना मात्र महिने उलटून गेले होते, ती खाती केव्हाच रिकामी झाली होती. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर चौघांनी वेगवेगळी तक्रार नोंदवली आहे, स्क्रीनशॉट आणि व्यवहारांचे नंबर जोडून. ज्यांचे पैसे आज गेलेत त्यांनी माझ्यासारखा 'थोडी वाट बघू' हा विचार करू नये. आधी १९३० लावा, मग घरच्यांना सांगा.

आता मी किट घ्यायच्या आधी काय करतो ते सांगतो. विकणाऱ्याला फोटो मागत नाही, व्हिडिओ कॉलवर व्हर्नियर किंवा पट्टी व्हीलबेसला लावायला सांगतो. ज्याच्याकडे खरोखर वस्तू आहे त्याला यात अपमान वाटत नाही, त्याला उलट आनंद होतो, तोही मोजणाराच असतो. बॉडीच्या आतला पृष्ठभाग दाखवायला सांगतो, कारण बुडबुडे आणि आखूड राहिलेला माल तिथे लपत नाही. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव एक नसेल तर तिथेच थांबतो. आणि ज्या माणसाने खरी गाडी चालवलीय, धुतलीय, दुरुस्त केलीय, त्याला फोटो आधी दाखवतो. चोपडा, अमळनेर, शिरपूर, कुठेही जा, जुन्या फियाट खोलणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांना जे दिसतं ते आपल्याला पुस्तकातून दिसत नाही.

नंदुरबारच्या पोराचे साडेसहा हजार मी दिले. तो घेत नव्हता, त्याच्या आईशी बोलून दिले. काकांना आणि सरांनाही देऊ केले, पण त्यांनी माझं ऐकलं नाही. यंदा भरताला येणार का विचारायला मला आठ दिवस धीर झाला नव्हता. शेवटी काकांचाच फोन आला की वांगी मी आणतो.

नानांची गाडी मी पुन्हा खोलली आहे. पुढची दोन्ही दारं करवतीने कापून काढली, शीट प्लास्टिकची नवी घडवतोय, बिजागरी पुढे. दुपारी नाना शेजारी खुर्ची टाकून बसतात. काचेची छोटी तिकोनी खिडकी केवढी होती, हॅन्डल खिडकीच्या काठापासून किती बोटं खाली, ते स्वतःच्या हातावर मोजून सांगतात आणि मी चोविसाने भागतो.

मागच्या शुक्रवारी त्या पोराने मला एक फोटो पाठवला. त्याच्या ओळखीच्या एकाला आलेला, नंबर नवीन, नाव नवीन. 'काँटेसा, १:२४, फक्त दहा किट, बुकिंग पाच हजार.' निळी कटिंग मॅट, तिच्यावर राखाडी बॉडी, बाजूला पोलादी पट्टी. मी फोटो मोठा करून डाव्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. वायसारखी चीर तिथेच आहे.